कुरकुर नको, तक्रार करा

‘ग्राहक हा राजा आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की आता ते ऐकताना कोणाच्या मनात काहीही उमटत नाही. अनेक दुकानांत गल्ल्यामागे हे सुवचन चौकटीत लावलेले असते आणि त्याच भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटीही असते. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस. सरकारी सभागृहांत भाषणे होतात, पत्रके वाटली जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून राजा पुन्हा मुकाट्याने रांगेत उभा राहतो. या मुकेपणाचे खापर आपण सहसा कंपन्यांच्या माथी फोडतो. त्यात तथ्यही आहे. पण ग्राहकाने आपल्या तोंडाला स्वतःच लावून घेतलेल्या कुलपाचा विचार मात्र फारसा होत नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे.

पिंपरी-चिंचवडमधील पिंपळे सौदागर हे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे. पवनेच्या काठचे हे एके काळचे शेतीचे गाव. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान एका बाजूला, पिंपरी-भोसरीचा जुना औद्योगिक पट्टा दुसऱ्या बाजूला आणि पलीकडे चाकण. त्यामुळे गेल्या पाव शतकात येथे उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातून, तसेच परप्रांतांतून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज यांच्या बळावर येथे घरे घेतली. अशा कोणत्याही वसाहतीत संध्याकाळी बाकावर बसलेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल, आठवड्यातून दोनदा अडकणारी लिफ्ट, माहितीपत्रकात दाखवलेली आणि प्रत्यक्षात न झालेली बाग, हेच विषय पुनःपुन्हा निघतात. प्रत्येक जण तावातावाने बोलतो. मात्र यांपैकी किती जणांनी विकासकाच्या कार्यालयाला तारीख घालून, सही करून एक पत्र दिले आहे, असे विचारले तर बाकावर शांतता पसरते.

ही शांतता फार महाग पडते. ‘रेरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या चौदाव्या कलमात एक अत्यंत मोलाची तरतूद आहे. घराचा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांतील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत, कोणताही जादा आकार न घेता दुरुस्त करून दिला पाहिजे. तसे न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. या तरतुदीतील कळीचे शब्द ‘निदर्शनास आणून दिला’ हे आहेत. ओल आलेली सर्वांना दिसत होती, सोसायटीच्या सभेत तिच्यावर चर्चाही झाली होती. परंतु विकासकाला लेखी कळवलेच नसेल, तर पाच वर्षे उलटल्यावर हा हक्क सांगायचा कशाच्या आधारावर? महाराष्ट्रात १९६३ पासून असलेल्या सदनिकाविषयक कायद्यातही दोष कळवण्यासाठी अशीच मुदत घालून दिलेली होती. म्हणजे ग्राहकाने मुदतीत बोलावे, ही अपेक्षा कायद्याने साठ वर्षांपूर्वीच केली होती. कायदा ग्राहकाच्या पाठीशी उभा राहतो, पण त्याच्या वतीने बोलत नाही. बोलायचे ग्राहकालाच असते.

यातील विसंगती अशी की ज्या वसाहतींत ही शांतता आहे, तेथील माणसे तक्रारीची किंमत न जाणणारी नाहीत. उलट ती जाणणाऱ्यांची एवढी दाट वस्ती राज्यात क्वचितच सापडेल. पिंपळे सौदागरमधून सकाळी कंपनीच्या बसने चाकणला किंवा भोसरीला जाणाऱ्या अभियंत्याला विचारावे. वाहन कंपनीने एखादा सुटा भाग सदोष म्हणून परत पाठवला की पुरवठादाराच्या कारखान्यात धावपळ उडते. दोष कोणत्या पाळीत निर्माण झाला, कोणत्या यंत्रावर झाला, तपासणीत तो का सुटला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, याचा लेखी अहवाल ठराविक मुदतीत द्यावा लागतो. ‘कस्टमर कम्प्लेंट’ हे दोन शब्द कारखान्याच्या फलकावर लागले की व्यवस्थापकापासून कामगारापर्यंत कोणाला चैन पडत नाही. हिंजवडीतल्या संगणक अभियंत्याची स्थितीही वेगळी नाही. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाने नोंदवलेल्या एका त्रुटीसाठी तो रात्र रात्र जागतो. पण हाच अभियंता संध्याकाळी घरी येतो, भिंतीवरची ओल पाहतो आणि ‘सांगून काय उपयोग?’ म्हणून गप्प बसतो. स्वतःच्या कामात ज्याने ग्राहकाच्या शब्दाची ताकद रोज अनुभवली, त्यानेच ग्राहक झाल्यावर ती विसरावी, हे कोडे आहे.

या कोड्याचे एक उत्तर आपल्या आर्थिक इतिहासात सापडते. परवाना राजवटीच्या काळात वस्तू मिळणे हेच भाग्य होते. याच परिसरात आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘चेतक’ स्कूटरसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. टेलिफोनसाठी, गॅसच्या जोडणीसाठी अशाच प्रतीक्षा याद्या असत. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती आलेल्या वस्तूत काही उणे निघाले, तर तक्रार करण्याचे धैर्य कोणाला होणार? वस्तू देणारा उपकारकर्ता आणि घेणारा याचक, असे नाते त्या काळाने रुजवले. ‘मिळाले हेच पुष्कळ’ हा त्या पिढीचा मंत्र होता. गरिबीत आणि टंचाईत घर चालवणाऱ्या त्या पिढीला दोष देता येणार नाही. परंतु टंचाई गेल्यानंतरही तिने लावलेली सवय तशीच राहिली, हे मान्य केले पाहिजे.

१९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली. एका स्कूटरच्या जागी दहा दुचाक्या आल्या, एका साबणाच्या जागी पन्नास. आता ग्राहकाला निवड मिळाली आणि त्याबरोबर मौनाचा एक नवा प्रकारही आला. पूर्वीचा ग्राहक ‘दुसरे मिळणार नाही’ म्हणून गप्प बसत होता. आजचा ग्राहक ‘दुसरे घेऊ’ म्हणून गप्प बसतो. नापसंत पडलेली वस्तू टाकून देऊन तो पुढच्या दुकानात जातो. यात स्वाभिमान दिसतो, पण ज्याने सदोष वस्तू बनवली त्याला काहीच कळत नाही. विक्री घटली एवढे त्याला दिसते. का घटली, हे दिसत नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाची मूलगामी चिकित्सा केली. कोणतीही संस्था घसरू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा बोलणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्याने दिले. मालमोटारींची स्पर्धा असूनही तेथील रेल्वे सुधारत नव्हती. त्याचे कारण असे की सेवेबद्दल सर्वांत जागरूक असलेले, सर्वांत आधी आवाज उठवू शकणारे ग्राहकच सर्वांत आधी मालमोटारींकडे निघून गेले होते. मागे उरले ते बोलू न शकणारे. निघून जाण्याची सोय झाल्यामुळे सुधारणेचा दबावच नाहीसा झाला.

हे उदाहरण परदेशातले म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून २००७ साली ‘पीएमपीएमएल’ ही कंपनी स्थापन झाली. नाशिक फाटा ते वाकड या रस्त्यावर, पिंपळे सौदागरच्या अंगणातून, बससाठी स्वतंत्र मार्गिकाही झाली. पण येथील सुस्थितीतल्या कुटुंबाने बस वेळेवर आली नाही म्हणून कंपनीला पत्र लिहिण्याऐवजी आधी दुचाकी घेतली आणि मग मोटार. थांब्यावर उभे राहिले ते शिपाई, घरकाम करणाऱ्या महिला, विद्यार्थी आणि वृद्ध. त्यांच्या हाती ना वेळ, ना ओळख, ना इंग्रजीत पत्र लिहिण्याची सवय. ज्याला बोलता येत होते तो निघून गेला आणि ज्याला जाता येत नव्हते त्याचे कोणी ऐकेना. सुशिक्षितांचे मौन दुर्बलांना असे भोगावे लागते. ग्राहकाची तक्रार ही केवळ त्याच्या खिशाची बाब नाही, असे म्हणतात ते याचसाठी.

शिवाय प्रत्येक ठिकाणाहून निघून जाता येतेच असेही नाही. साबण बदलता येतो, घर बदलता येत नाही. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस ‘दुसरे घेऊ’ म्हणू शकत नाही. आरोग्य विमा मध्येच सोडला तर वाढत्या वयात नवा मिळवणे अवघड होते. विजेच्या बाबतीत सर्वसामान्य घरासमोर महावितरणखेरीज दुसरा पर्याय नाही. आयुष्यातील महत्त्वाच्या व्यवहारांत निघून जाण्याची वाट बंदच असते आणि बोलणे एवढाच मार्ग उरतो. तोही वापरला नाही, तर ग्राहक कितीही कमावता असला तरी असहाय असतो.

बोलण्याने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण पिंपरीच्याच भूमीवर घडलेले आहे. १९७४ साली बंगळुरू येथे अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे त्यात म्हटले होते. हा अन्याय आहे, असे तिला वाटले. मैत्रिणींजवळ चीड व्यक्त करून ती थांबली असती तर गोष्ट तेथेच संपली असती. तिने एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि थेट टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा यांना लिहिले. काही दिवसांतच तिला तारेने मुलाखतीचे बोलावणे आले, तेही कंपनीच्या खर्चाने. मुलाखत पुण्याला झाली आणि टेल्कोत रुजू होणारी ती पहिली महिला अभियंता ठरली. त्या तरुणीला आज देश सुधा मूर्ती या नावाने ओळखतो. त्या वेळी त्या कंपनीच्या ग्राहक नव्हत्या, उमेदवार होत्या, हे खरे. पण तक्रारीचे सारे गुण त्या पोस्टकार्डात होते. ते योग्य ठिकाणी गेले होते, एकाच नेमक्या मुद्द्यावर होते आणि लिहिणाऱ्याने आपली ओळख लपवली नव्हती. कंपनीचा मोठेपणाही तितकाच खरा; तिने पत्र केराच्या टोपलीत टाकले नाही. मात्र हा मोठेपणा दाखवण्याची संधी कंपनीला मिळाली ती पत्र लिहिले गेले म्हणून.

त्याच १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. पुढच्या वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र घ्यायचा, वजन आणि दर्जा स्वतः तपासायचा, दोष आढळल्यास तो पुरवठादारापर्यंत पोहोचवायचा, ही पद्धत हजारो घरांनी अंगी बाणवली. या चळवळीचे वेगळेपण तिच्या विचारात होते. शेतकरी, कामगार, उत्पादक, व्यापारी आणि ग्राहक हे अर्थव्यवस्थेचे पाच घटक आहेत आणि ते परस्परांचे शत्रू नसून एकाच देहाचे अवयव आहेत, अशी तिची मांडणी होती. पाश्चात्त्य ग्राहकवाद ग्राहक आणि उत्पादक यांना दोन छावण्यांत उभे करतो. येथे त्यांना एका पंचायतीत बसवले गेले. पंचायतीत बसणाऱ्याने आपले म्हणणे समोरासमोर मांडायचे असते. पाठीमागे कुजबुजणे हा पंचायतीचा धर्म नव्हे.

दोष आढळला की सरळ न्यायालयात खेचावे, वृत्तपत्रात नाव छापावे, कंपनीला कशाला विचारायचे, असा एक प्रश्न येथे विचारला जातो. ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी कंपनीला लिहिलेच पाहिजे, अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायद्यात नाही. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे आधी ऐकावे, चूक सुधारण्याची संधी त्याला द्यावी, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. अनेकदा दोष कंपनीच्या धोरणात नसतो. एखाद्या वितरकाच्या गोदामात किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या हलगर्जीपणात असतो. कंपनीला तो कळला तर आठवड्यात मिटणारा प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. मूळ कंपनीला लेखी न कळवता वरच्या पायरीवर गेल्यास काही ठिकाणी दार उघडतही नाही. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे, तर २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने घातलेला नियम असा की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलेले नसावे. विमा लोकपालाचा रिवाजही तसाच आहे. प्रथम विमा कंपनीला लेखी कळवून महिनाभर थांबावे लागते. पहिली पायरी टाळून वर चढू पाहणाऱ्याला पुन्हा खालीच यावे लागते, आणि मधल्या काळात वेळ निघून गेलेली असते.

तक्रारीला याहूनही मोठे, सार्वजनिक परिमाण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश उत्पादकाला देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून ही व्यवस्था लागू झाली. असा आदेश कशाच्या आधारे द्यायचा, याचे जे मार्ग कायद्यात सांगितले आहेत, त्यांत पहिला मार्ग वाहनमालकांच्या तक्रारींचा आहे. एका विशिष्ट प्रकारच्या वाहनाच्या मालकांपैकी ठराविक प्रमाणात मालकांनी तोच दोष कळवला, तर तो प्रवाशांच्या, रस्त्यावरील इतरांच्या किंवा पर्यावरणाच्या दृष्टीने धोकादायक आहे का, हे पाहून सरकार पाऊल उचलू शकते. म्हणजे येथे तक्रारींची मोजदाद होते. ब्रेक नीट लागत नाही म्हणून ज्याने कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये शे-दोनशे रुपये देऊन काम भागवले, त्याच्यापुरता प्रश्न सुटला. पण त्याचा अनुभव चाकणच्या अभियंत्यापर्यंत पोहोचला नाही आणि सरकारच्या मोजणीतही आला नाही. तसाच दोष असलेली गाडी घेऊन दुसरे एखादे कुटुंब त्याच रात्री घाट उतरत असेल. त्या कुटुंबाची ओळख असो वा नसो, त्याच्या सुरक्षिततेचा काही अंश या ग्राहकाच्या एका पत्रात होता.

कंपन्यांची बाजू मांडताना त्यांना मोकळे सोडण्याचे मुळीच कारण नाही. तक्रार ऐकून घेणारा माणूसच सापडू नये, अशी रचना अनेकांनी मुद्दाम करून ठेवली आहे. दूरध्वनी केला की ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ असे सांगणारा यंत्राचा आवाज येतो, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असे वीस मिनिटे ऐकवले जाते आणि शेवटी फोन तुटतो. पत्ता शोधावा तर तो सुटकेसच्या तळाशी ठेवलेल्या कागदासारखा दडवलेला असतो. मराठीत बोलू लागलेल्या ग्राहकाला हिंदीत वा इंग्रजीत उत्तर मिळते. हे उद्दामपणाचे लक्षण आहे आणि कायद्यालाही ते मान्य नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली केलेल्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध केला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि महिन्याच्या आत तिचे निवारण केले पाहिजे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही तक्रार नोंदवता येते आणि हजाराहून अधिक कंपन्या या व्यवस्थेशी जोडलेल्या असल्याने ती थेट त्यांच्याकडे पाठवली जाते. दारे बंद आहेत ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. कित्येकदा दार नुसते लोटलेले असते, ढकलणारा हात तेवढा हवा असतो.

मात्र ढकलणे आणि लाथ मारणे यांत फरक आहे. आपल्याकडे कुरकुर, त्रागा आणि तक्रार या तीन शब्दांची गल्लत होते. कुरकुर ही जिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही अशी असते. ती बाकावर सुरू होते आणि बाकावरच संपते. त्रागा चुकीच्या माणसावर होतो. रात्री पाऊस अंगावर घेत सामान पोहोचवणाऱ्या मुलावर, दाराशी उभ्या रखवालदारावर, फोनवर बोलणाऱ्या मुलीवर आवाज चढवणे सोपे असते, कारण त्यांना उलट बोलता येत नाही. त्यांपैकी कोणीही ती वस्तू बनवलेली नसते किंवा ते धोरण ठरवलेले नसते. फोनवर शिव्या खाणारी ती मुलगी कदाचित याच उपनगरातील एखाद्या घरची असते आणि आठ तास असेच बोल ऐकून ती घरी परतते. तक्रार शांत असते, लेखी असते आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या नावे असते. संयम आणि ठामपणा हे परस्परविरोधी गुण नाहीत, हे ज्याला कळले त्यालाच तक्रार करता येते.

अशी तक्रार लिहिण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. वस्तू कधी, कोठून, किती रुपयांना घेतली. पावतीचा क्रमांक काय. दोष कोणता आणि तो कधी लक्षात आला. यापूर्वी कोणाला सांगितले आणि काय उत्तर मिळाले. दुरुस्ती हवी, बदली वस्तू हवी की पैसे परत हवेत. आणि किती दिवसांत. एवढ्या गोष्टी एका पानात मावतात. विशेषणे, उपहास आणि धमक्या यांना त्यात जागा नसावी. पत्राची प्रत, स्पीड पोस्टाची पावती किंवा ई-मेलची नोंद, दोषाचे छायाचित्र हे सारे एका फायलीत ठेवावे. फोनवर बोलणे झाले असेल तर तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि बोलण्याचा सारांश त्याच दिवशी लेखी कळवावा. कंपनीने दाद दिली नाही, तर हीच फाईल पुढे ग्राहकाची साक्षीदार होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले तरी पिंपळे सौदागरच्या रहिवाशाला पुण्यातच दाद मागता येते. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती मुदत आपोआप वाढेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घरांवर या बाबतीत अधिक जबाबदारी आहे. येथून थोड्याच अंतरावर तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना आहे. घराघरांतून एकेक पैसा गोळा करून राष्ट्रीय उद्योग उभारायचा, या कल्पनेतून अंताजी दामोदर काळे यांनी हा फंड काढला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि १९०८ साली कारखाना सुरू झाला. ज्याने पैसा दिला तोच काचेचा कंदील विकत घेणार होता; उद्योग त्याचा होता आणि उद्योगाचा मान-अपमानही त्याचाच होता. स्वदेशीचा हा अर्थ पुढे पातळ होत गेला. देशी वस्तू थोडी कमी दर्जाची असली तरी चालवून घ्यावी, तिच्याविषयी वाईट बोलू नये, असे काहींना वाटू लागले. हे प्रेम आंधळे आहे. आपल्या मुलाच्या चुका त्याला सांगणारे आईवडील त्याचे शत्रू नसतात. देशी उत्पादकाला त्याच्या वस्तूतील दोष स्पष्टपणे, आपलेपणाने आणि लेखी सांगणारा ग्राहक त्याला जगाच्या बाजारात उभे राहण्यास मदत करतो. गप्प राहून परदेशी मालाकडे वळणारा ग्राहक त्याला हळूहळू मारतो.

हे काम एकट्या-दुकट्याने करण्यापेक्षा संघटितपणे केले तर अधिक फळते. गृहनिर्माण संस्थांच्या सभा वाहनतळाच्या जागेवरून आणि देखभालखर्चावरून मध्यरात्रीपर्यंत रंगतात. त्यांतील अर्धा तास विकासकाला द्यावयाच्या दोषांच्या यादीसाठी राखून ठेवता येईल. ताबा मिळाल्याची तारीख आणि पाच वर्षे पूर्ण होण्याची तारीख प्रत्येक संस्थेने सूचना फलकावर लावावी. विकासकाशी बोलणी अडली तर मध्यस्थाची सोयही आहे : महारेराने २०१८ पासून ग्राहक संघटना आणि विकासकांच्या संघटना यांना एकत्र बसवून सलोखा मंच चालवले आहेत. ज्येष्ठ नागरिकांकडे अनुभव आणि वेळ दोन्ही आहेत. निवृत्त लेखनिक, शिक्षक आणि बँक कर्मचारी यांच्याइतके नेटके पत्र आजच्या पिढीतील कोणाला लिहिता येणार नाही. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शेजाऱ्यांची तक्रारपत्रे लिहून देण्यासाठी दिली, तर तीही समाजसेवाच ठरेल. महिला मंडळांनी, गणेशोत्सव मंडळांनी आपल्या कार्यक्रमांत त्यासाठी एक दिवस ठेवावा. घरकाम करणाऱ्या ताईंचा सदोष मिक्सर, रखवालदाराच्या मुलीच्या विम्याचा अडलेला दावा, अशा तक्रारीही याच टेबलावर यायला हव्यात, कारण त्यांचा आवाज कंपनीपर्यंत पोहोचणे सर्वांत कठीण असते.

तक्रार केल्याने प्रत्येक वेळी न्याय मिळेलच, असे नाही. काही पत्रे अनुत्तरित राहतील, काही कंपन्या निगरगट्टपणे दुर्लक्ष करतील आणि तेव्हा लोकपाल, आयोग, न्यायालय या पायऱ्या चढाव्या लागतील. पण पहिली पायरी ग्राहकाच्या स्वतःच्या उंबऱ्याबाहेर आहे आणि ती चढण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. पिंपळे सौदागरच्या इमारतींवर पुन्हा एक पावसाळा येईल आणि कोठेतरी भिंतीवर पुन्हा ओलीचा डाग उमटेल. ताब्याला पाच वर्षे व्हायची असतील, तर त्या दिवशी बाकावर बसून हळहळण्याऐवजी घरातल्या कर्त्या माणसाने कागद घ्यावा, वर तारीख घालावी आणि विकासकाला लिहावे. मुदत टळून गेल्यावर तोच कागद कितीही चांगला लिहिला तरी त्याचा उपयोग राहत नाही.